अस्सलपणाचे स्तोम

जुन्या वस्तूंविषयी आदर बाळगणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ज्या घरात आजोबांची काठी, आजीचा पानाचा डबा आणि वडिलांची पुस्तके जपली जातात, त्या घरातील मुलांना आपण कोठून आलो हे वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु आदर आणि अंधभक्ती यांच्यामधली रेघ फार पुसट असते, आणि ती ओलांडल्याचे ओलांडणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही. नाशकात अलीकडे जुन्या मोटारसायकली बाळगण्याचा जो छंद वाढला आहे, त्यात ही रेघ ओलांडली जात आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. ती ओलांडणारे लोक बहुतेक आपल्याच वर्गातले, म्हणजे शिकलेसवरलेले व चार पैसे बाळगून असलेले आहेत. म्हणूनच गॅरेजातला हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर आणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

वादाचे निमित्त दिसावयास क्षुल्लक आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या जावा गाडीचा क्लच झिजला, तर त्यात नव्या प्लेटी घालाव्यात की नाही? साधा मनुष्य म्हणेल, यात विचारायचे काय आहे? परंतु छंदिष्टांच्या बैठकीत हा प्रश्न साधा राहत नाही. तेथे असे प्रतिपादन ऐकू येते की, आज बाजारात मिळणाऱ्या प्लेटी मूळ कारखान्याच्या नव्हेत. त्या घातल्या की गाडीचा अस्सलपणा गेला आणि त्याबरोबर तिची किंमतही गेली. सबब कारखान्याच्या जुन्या डब्यातल्या, न वापरलेल्या प्लेटी कोठून तरी पैदा कराव्यात, आणि त्या मिळेपर्यंत गाडी दिवाणखान्याच्या शेजारी झाकून उभी ठेवावी. या मताचे खंडन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ज्या गाडीविषयी बोलावयाचे तिचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. जावा हे नाव मूळचे चेक. फ्रान्तिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले, आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव तयार केले. आपल्याकडे ही गाडी आधी परदेशातून येत असे. पुढे फारोख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना काढला व १९६१ पासून ती तेथेच बनू लागली. १९७० नंतरच्या दशकात तिच्या टाकीवरचे नाव बदलून येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना कायमचा बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव आपल्या बाजारात पुन्हा आले खरे, परंतु त्या नावाखाली आलेली गाडी चार स्ट्रोकांची व पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आहे; जुन्या दोन स्ट्रोकांच्या गाडीशी तिचे नाते नावापुरतेच. तात्पर्य, ज्या कारखान्याच्या शिक्क्याची आमचे छंदिष्ट मित्र वाट पाहत बसतात, तो कारखाना आता शिक्का मारू शकत नाही. जुन्या डब्यांचा साठा दरवर्षी घटत जाणार, त्यांची किंमत वाढत जाणार, आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या गाड्या उभ्याच राहणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आता क्लच म्हणजे काय ते पाहू. कारण या वादातील बराचसा गोंधळ तो भाग कशासाठी आहे हेच न समजल्यामुळे झालेला आहे. इंजिन एकदा सुरू झाले की फिरत राहते. चाकाला मात्र कधी थांबावे लागते, कधी हळू चालावे लागते. फिरणाऱ्याची आणि थांबलेल्याची गाठ एकदम घातली तर एक तर इंजिन बंद पडेल, नाही तर गिअरचे दात तुटतील. ही गाठ हळूहळू घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. एका वाटीसारख्या घरात काही प्लेटी एकाआड एक रचलेल्या असतात. एका जातीच्या प्लेटी इंजिनाकडून साखळीने फिरणाऱ्या घराला अडकलेल्या, दुसऱ्या जातीच्या पोलादी प्लेटी गिअरच्या दांड्याला अडकलेल्या. स्प्रिंगांच्या दाबाने त्या एकमेकींस चिकटून राहतात व एकत्र फिरतात. हाताने मूठ दाबली की दाब सुटतो आणि त्या विलग होतात. मूठ हळूहळू सोडताना त्या क्षणभर एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यातच गाडीला न झटकता पुढे नेण्याचे सारे कौशल्य आहे. जुन्या जावाची तर अशी गंमत की, गिअरच्या दांडीवर पाय दाबला की मूठ न दाबताही क्लच सुटे, आणि तीच दांडी आत दाबून वर फिरवली की किकचे काम करी. त्या काळी चेक कारागिरांनी केलेली ही योजना पाहून आजही कौतुक वाटते.

या घासणाऱ्या प्लेटींवर जुन्या जावामध्ये बुचाच्या चकत्या बसवलेल्या असत. बूच म्हणजे भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील देशांत, विशेषतः पोर्तुगालात वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. ही साल सुमारे नऊ वर्षांनी एकदा काढतात. झाड तोडावे लागत नाही आणि साल पुन्हा येते. मऊ, तेलात भिजूनही पकड न सोडणारा आणि स्वतः झिजून पोलादाला वाचवणारा हा पदार्थ कारागिरांनी अजाणता निवडला नव्हता. पोलादावर पोलाद घासले असते तर दोन्ही खराब झाली असती. म्हणून दोहोंपैकी एकाने झिजावे असे ठरवले गेले, आणि जे सहज बदलता येईल त्यालाच झिजण्याचे काम दिले गेले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानी ठेवावा, कारण पुढील सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. ज्याने ती गाडी आखली त्यानेच तिच्यात हा भाग बदलावयाचा म्हणून घातला. तेव्हा तो बदलणारा मनुष्य कर्त्याच्या हेतूला अनुसरतो, आणि न बदलता गाडी झाकून ठेवणारा त्या हेतूचा भंग करतो. अस्सलपणाचा अभिमान मात्र हा दुसराच बाळगतो, हा विनोद लहान नव्हे.

कोणी म्हणेल, एक प्लेट बदलली, उद्या साखळी बदलली, परवा पिस्टन बदलला. असे करता करता जुनी गाडी उरली तरी कोठे? हा आक्षेप मात्र हसून सोडण्याजोगा नाही, कारण तो फार जुना आहे. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या तेव्हा ते जहाज तेच राहिले की नाही, यावर ग्रीक तत्त्वज्ञ वाद घालीत असल्याचे प्लुटार्कने नमूद केले आहे. परंतु इतके दूर जाण्याची गरज नाही. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्या धर्माचे भिक्षू राहत असत, त्याच धर्माच्या मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन स्थविर यवन राजा मिलिंदाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी त्याला कबूल करावे लागते की, हे सारे भाग योग्य रीतीने एकत्र आले म्हणजे त्या मेळाला रथ हे नाव मिळते. नागसेनाने तो दृष्टान्त आत्म्याच्या विचारासाठी दिला; आमच्या मित्रांना तो रथाच्याच विचारासाठी उपयोगी पडेल. प्लेट म्हणजे जावा नव्हे. सारे भाग एकमेकांना धरून जेव्हा चालतात, तेव्हा जावा असते. आणि त्या मेळात प्रत्येक भागाला आपापली मर्यादा असते.

आपल्या परंपरेत या मर्यादेचे ज्ञान पक्के होते. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ असा एक शब्द आहे, आणि तो देवळांच्या संबंधात आला आहे. अग्निपुराणात या विधीचे स्वतंत्र विवेचन आढळते. जीर्ण झालेली मूर्तीसुद्धा काढून नवी कशी बसवावी हे तेथे सांगितले आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा ठराविक वर्षी बदलतात. १९९६ आणि २०१५ साली हा नवकलेवराचा सोहळा झाला. लाखो भाविकांपैकी कोणालाही तेव्हा देव बदलल्याचा संशय आला नाही. आपल्या नाशकातल्या सुंदरनारायणाच्या देवळाचेच पाहा. १७५६ साली बांधलेल्या त्या देवळाचे झिजलेले दगड काढून त्या जागी नवे घडीव दगड बसवण्याचे काम राज्याच्या पुरातत्त्व खात्याने अलीकडच्या वर्षांत केले. त्यामुळे ते देऊळ खोटे झाले असे म्हणणारा अजून आम्हांस भेटलेला नाही. देवाला आणि देवळाला जी मोकळीक आपण देतो, ती फटफटीच्या क्लचला नाकारावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आणि यंत्रांच्याच गोष्टी बोलावयाच्या तर नाशिकसारखे दुसरे उदाहरण कशाला शोधावे? १९६४ साली ओझरला मिग विमानांसाठी कारखाना स्थापन झाला, आणि पुढे सुखोई विमानांची समग्र दुरुस्तीही तेथे होऊ लागली. विमानाच्या कित्येक भागांचे आयुष्य तासांत मोजलेले असते. ते तास भरले की भाग दिसावयास चांगला असला तरी काढतात, आणि दुसरा घालतात. विमान मात्र त्याच क्रमांकाचे, तेच राहते. ज्या गावच्या हजारो कुटुंबांनी या विद्येवर संसार केले, त्या गावात झिजलेल्या भागाची पूजा व्हावी, हे नवल नव्हे काय?

सरकारनेही या बाबतीत छंदिष्टांहून अधिक समंजसपणा दाखवला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी देऊ केली आणि नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये फी ठरवली. गाडी मूळ स्वरूपात असावी, असे त्या नियमांत म्हटले आहे. परंतु मूळ स्वरूप म्हणजे काय हे सांगताना चौकट, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, एवढेच म्हटले आहे. झिजलेल्या प्लेटीच्या जागी तशीच नवी प्लेट घालणे म्हणजे फेरफार, असे त्यात कोठेही नाही. मात्र त्याच नियमांत एक कलम असे आहे की, अशा नोंदणीची गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नये; प्रदर्शन, संशोधन, मेळावा, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच आणावी. या कलमामागचा हेतू आम्ही समजू शकतो. परंतु उभ्या गाडीचे काय होते हेही सांगितले पाहिजे. महिनोन्‌महिने न हललेल्या क्लचच्या प्लेटी एकमेकींस चिकटून बसतात. तेल तळाशी उतरले की वरचे बूच कोरडे पडते व त्याचे तुकडे उडतात. तारा गंजतात, रबरी सीलांना चिरा जातात. गाडीला जपायचे म्हणून जो ती झाकून ठेवतो, तो तिला चालवणाऱ्यापेक्षा अधिक वेगाने मारतो. तेव्हा कलमाने परवानगी दिलेल्या निमित्तांचा पुरेपूर उपयोग करावा, आणि ज्यांची नोंदणी साधी आहे त्यांनी कायद्याच्या मर्यादेत गाडी चालती ठेवावी, असेच आम्ही सुचवू.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. हे लोक म्हणतात, एवढा खटाटोप हवा कशाला? भंगारवाल्याला द्या आणि नवी घ्या. यांच्या म्हणण्यातला सत्यांश आम्ही नाकारीत नाही. दोन स्ट्रोकांची गाडी पेट्रोलबरोबर तेल जाळते आणि धूर सोडते. गावातल्या प्रत्येकाने अशी गाडी कामावर न्यावी असे म्हणणारा मनुष्य मुलांच्या फुप्फुसांचा शत्रू ठरेल. रोजच्या कामास नवी गाडी निःसंशय बरी. परंतु गावातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जुन्या गाड्या महिन्यातून चार वेळा त्र्यंबक रस्त्याने जाऊन आल्या तर त्याने आकाश काळे होत नाही. शिवाय, दुरुस्त करता येईल अशी वस्तू टाकून देण्याची सवय ही काही निसर्गावरची कृपा नव्हे. थोडक्यात, एक पक्ष गाडीला देव करून कोंडतो, दुसरा कचरा करून फेकतो. आणि दोघांनाही एक गोष्ट करावयाची नसते, ती म्हणजे हात तेलात घालणे.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जुन्या गाडीत खरोखर दुर्मीळ असे काय आहे? प्लेटी नव्हेत, त्या आजही लहान कारखान्यांत बनतात व टपालाने येतात. दुर्मीळ होत चालले आहे ते त्या बसवण्याचे ज्ञान. द्वारकेकडे किंवा भद्रकालीच्या गल्ल्यांत एखाद्या साठीच्या मिस्त्रीला हे काम करताना पाहावे. मूठ सोडल्यावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, एवढे ऐकून तो क्लच घसरतो आहे हे ओळखतो. आणि मूठ दाबूनही गिअर खडखडत असेल तर क्लच पुरता सुटत नाही हे ओळखतो. या दोन आजारांची औषधे वेगळी, आणि नवशिका दोहोंवर एकच औषध देतो. तेल सोडून, दांडी काढून, डावीकडचे झाकण तो उघडतो. पोलादी प्लेटी एकेक करून काचेवर ठेवतो, म्हणजे वाकलेली असेल ती डुलते. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून उंची पाहतो, कारण एक खुजी झाली असेल तर दाब एकीकडे कमी पडेल. घराच्या खाचांवर नख फिरवतो. प्लेटींच्या जिभांनी तेथे पायऱ्या पाडल्या असतील तर नव्या प्लेटीही अडकतील, म्हणून त्या पायऱ्या कानशीने साफ करतो. नव्या बुचाच्या प्लेटी रात्रभर तेलात बुडवून ठेवतो. मोटारींच्या काही आधुनिक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती या क्लचला मारक, हे त्याला कोणत्याही पुस्तकातून कळलेले नसते. शेवटी मूठ दाबून पाहतो, दाबपट्टी सगळीकडून सारखी उचलते की तिरकी हे डोळ्याने ताडतो, आणि तारेला किंचित मोकळेपणा ठेवतो. तेवढा मोकळेपणा न ठेवल्यास क्लच कायम अर्धवट दाबलेला राहील आणि कसाऱ्याचा घाट चढता चढता नव्या प्लेटी जळून जातील.

हे सारे ज्ञान मराठीत कोठे लिहिलेले आहे? आमच्या पाहण्यात नाही. ते या मिस्त्रींच्या बोटांत, कानांत आणि नाकात आहे. त्यांची मुले आज सेन्सरच्या गाड्यांकडे वळली आहेत, आणि विजेच्या स्कूटरला तर क्लच नसतोच. त्यात त्यांचा दोष नाही, पोट कोणाला चुकले आहे? परंतु ही पिढी निवृत्त झाली म्हणजे जुन्या डब्यातली अस्सल प्लेट हाती घेऊन आमचे छंदिष्ट मित्र कोणाकडे जाणार? त्या दिवशी त्यांची गाडी खरोखरच मूर्ती होईल, आणि पुजारी तेवढे उरतील.

याहून कठोर एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आपल्या वर्गाला उद्देशून आहे. जुन्या शिक्क्याच्या प्लेटीसाठी दलालाला मागेल ती किंमत मोजणारा गृहस्थच मिस्त्रीच्या मजुरीत पन्नास रुपयांसाठी घासाघीस करताना दिसतो. वस्तूला वारसा म्हणावे आणि ती चालती ठेवणाऱ्या हाताला नोकर समजावे, हा आपल्या शिक्षणाचा जुनाच दोष आहे. शब्दांचे काम ते विद्या आणि हातांचे काम ते मजुरी, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. अस्सलपणाचे हे स्तोम त्याच वाटणीतून उगवले आहे. कारण शिक्का वाचता येतो, तो वाचण्यास हात मळवावे लागत नाहीत. ज्याला प्लेटीची पकड बोटाने कळत नाही, त्याला डब्यावरच्या छापावरच विसंबून राहावे लागते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्यांना जुनी प्लेट प्रिय आहे त्यांनी ती पुसून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी. तीवर वर्ष लिहावे, आणि गाडीत मात्र चांगली नवी प्लेट घालावी. चौकट, इंजिन, त्यांचे क्रमांक, टाकीचा आकार हे जपावे. झिजण्यासाठी घडवलेले जे, ते निःशंकपणे बदलावे. मिस्त्रीला मजुरी द्यावी ती त्याच्या ज्ञानाची द्यावी. घरातल्या मुलामुलींना, विशेषतः महाविद्यालयात जाणाऱ्यांना, एक दिवस त्याच्याजवळ बसवावे, आणि तो काय करतो, कोणत्या शब्दांत सांगतो, ते शुद्ध मराठीत उतरवून घेण्यास सांगावे. ‘क्लच’ला प्रतिशब्द शोधण्याची तसदी घेऊ नये, मिस्त्रीने तो शब्द केव्हाच मराठी करून टाकला आहे. असे पन्नास टिपणे जरी नाशकातून निघाली, तरी कोणत्याही वस्तुसंग्रहालयाने न केलेले काम झाले असे आम्ही समजू. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा करण्याची चाल आता अनेक ठिकाणी पडली आहे. त्या दिवशी मिरवणुकीत पुढे कोणाची गाडी असावी यावर वाद घालण्यापेक्षा, त्या गाड्या ज्यांनी चालत्या ठेवल्या त्या मिस्त्रींना पुढे बसवावे. एवढे झाले तरी आम्ही ही लेखणी वाया गेली असे म्हणणार नाही.